पहिला मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर यांवर हात बसला आहे, थोडेफार सी येते, आणि आता मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवता येणाऱ्या चिपकडे, वळायचे आहे. अशा वेळी पहिला प्रोग्रॅमर (संगणकावरचा प्रोग्रॅम चिपमध्ये लिहिणारे साधन) म्हणून काही शे रुपयांत मिळणारा यूएसबीएएसपी घ्यावा, कॉलेजात दिसतो तो पिकिट घ्यावा, की एकदाच मोठी रक्कम घालून सगळ्या प्रकारच्या चिप चालवणारा युनिव्हर्सल प्रोग्रॅमर घ्यावा?

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. ब्रेडबोर्डवर सुटी चिप बसवून शिकायचे असेल तर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आणि यूएसबीएएसपी ही जोडी घ्यावी. घरात आर्डुइनो उनो हा तयार बोर्ड आधीच असेल तर तेवढाही खर्च करू नये, कारण उनोच प्रोग्रॅमरचे काम करतो. याच क्षेत्रात पुढे नोकरी किंवा व्यवसाय करण्याचा विचार पक्का असेल तर एसटी कंपनीचा न्यूक्लिओ बोर्ड घ्यावा, कारण त्याच्याबरोबर प्रोग्रॅमर आणि डीबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून चूक शोधणारे साधन) दोन्ही पदरात पडतात. युनिव्हर्सल प्रोग्रॅमर पहिली खरेदी म्हणून घेऊ नये.

या उत्तरामागे एकच कसोटी आहे. तुमचा पहिला एलईडी लुकलुकला नाही, की संशयितांची यादी लांबलचक असते: कोड, कंपायलरची सेटिंग, चिपचे क्लॉक, ब्रेडबोर्डवरची सैल वायर, वीजपुरवठा, यूएसबी केबल, ड्रायव्हर आणि शेवटी प्रोग्रॅमर. अनुभवी माणूस यांतले निम्मे संशयित एका नजरेत बाजूला काढतो, कारण त्याने ती वायर, तो ड्रायव्हर आणि ती चिप पूर्वी चाललेली पाहिलेली असते. नवशिक्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक वस्तू नवी असल्याने प्रत्येकीवर सारखाच संशय असतो. म्हणून पहिला प्रोग्रॅमर असा हवा, की जो सर्वांत लवकर आणि खात्रीने संशयितांच्या यादीतून वगळता येईल. तो किती चिप चालवतो किंवा किती वेगाने लिहितो, हे प्रश्न फार पुढचे आहेत.

दुसरी गोष्ट अशी की प्रोग्रॅमर हा स्वतंत्रपणे निवडण्याचा पदार्थच नाही. आधी चिपचे घराणे ठरते, मग प्रोग्रॅमर आपोआप ठरतो. कंपायलरने तयार केलेली हेक्स फाइल चिपच्या फ्लॅश मेमरीत लिहिणे एवढेच प्रोग्रॅमरचे काम. पण प्रत्येक घराण्याची त्यासाठीची भाषा वेगळी असते. जुन्या एव्हीआर चिप (एटीमेगा३२८पी यांतलीच) एसपीआय या पद्धतीच्या तीन तारा आणि रिसेट यांवर बोलतात, पिकिट ज्यांच्यासाठी असतो त्या पीआयसी चिप क्लॉक-डेटाच्या दोन तारा आणि रिसेटच्या पिनेवरील व्होल्टेज यांवर, आणि न्यूक्लिओवरच्या चिपसारख्या एआरएम कॉर्टेक्स गाभ्याच्या चिप एसडब्ल्यूडी या पद्धतीच्या दोन तारांवर. एकाचा प्रोग्रॅमर दुसऱ्याला लावला तर काम होत नाही. तेव्हा दुकानात जाऊन ‘चांगला प्रोग्रॅमर द्या’ म्हणण्यापेक्षा कोणत्या चिपसाठी हवा आहे ते नावानिशी सांगावे.

त्याआधी हेही तपासावे, की तुम्हाला प्रोग्रॅमर मुळात लागणार आहे का. आर्डुइनो उनोमध्ये ऑप्टिबूट नावाचा छोटासा बूटलोडर आधीच लिहिलेला असतो. ३२ किलोबाइट फ्लॅशपैकी तो फक्त ५१२ बाइट व्यापतो आणि यूएसबीवरून आलेला प्रोग्रॅम स्वतःच उरलेल्या जागेत लिहून ठेवतो. ईएसपी३२ मध्ये हीच सोय चिपच्या रॉममध्ये आहे. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर तर बूटसेल बटण दाबून केबल लावली की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि फाइल त्यावर ओढून टाकली की काम झाले. त्याचा बूटलोडर रॉममध्ये असल्याने तुमच्या हातून तो पुसला जाण्याचीही भीती नाही. हवामानाची नोंद ठेवणारे यंत्र किंवा मोबाइलवरून चालणारा दिवा एवढेच तयार करायचे असेल, तर या तिन्हींपैकी एक बोर्ड आणि एक चांगली डेटा केबल घ्यावी व प्रोग्रॅमरचा विचार सोडून द्यावा. केबल ‘डेटा’चीच घ्यावी हे मुद्दाम सांगतो, कारण मोबाइलबरोबर आलेल्या कित्येक केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, आणि बोर्डवरचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, या कोड्यात नवशिक्यांच्या संध्याकाळी वाया जातात.

प्रोग्रॅमरची खरी गरज पडते ती चिप बोर्डाबाहेर काढल्यावर. शंभरेक रुपयांत होणाऱ्या सर्किटासाठी पूर्ण आर्डुइनो अडकवून ठेवणे परवडत नाही, बाजारातून आणलेल्या सुट्या चिपमध्ये बूटलोडर नसतो, आणि फ्यूज बिट (चिपची मूळ सेटिंग साठवणारे बिट) बदलायचे तर बूटलोडरच्या हाती ते सामर्थ्य नसते. शिवाय चिप थेट हाताळताना क्लॉक कुठून येतो, रिसेट कशासाठी असतो, प्रोग्रॅम नेमका कुठे जाऊन बसतो हे समजते. तयार बोर्डावर या गोष्टी झाकलेल्या राहतात. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचे आहे त्याने म्हणूनच सुट्या चिपच्या वाटेने एकदा तरी जावे, असे माझे मत आहे.

आता एव्हीआर आणि यूएसबीएएसपीबद्दल जरा तपशिलात. यूएसबीएएसपी हा थॉमस फिश्ल यांनी तयार केलेला, आराखडा आणि फर्मवेअर दोन्ही खुले असलेला प्रोग्रॅमर आहे. तो स्वतः एका लहान एटीमेगा चिपवरच चालतो आणि एव्हीआरड्यूड या मोफत सॉफ्टवेअरशी बोलतो. खुला असल्यामुळे त्याच्या असंख्य नकला निघाल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो तो अशीच नक्कल असतो, आणि त्यात वावगे काही नाही. ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे, कारण त्याला येणारी प्रत्येक अडचण आधी हजारोंनी सोसलेली आहे आणि तिचे उत्तर सापडते.

जोडणी अशी. एटीमेगा३२८पीच्या २८ पिनांच्या डीआयपी पॅकेजमध्ये पिन १ रिसेट, १७ एमओएसआय, १८ एमआयएसओ आणि १९ एससीके (या तीन म्हणजे एसपीआयच्या दोन डेटाच्या तारा आणि क्लॉक). पिन ७ आणि २० दोन्हींना ५ व्होल्ट, पिन ८ आणि २२ दोन्हींना ग्राउंड. नवशिके ७ आणि ८ जोडतात व २० आणि २२ सोडून देतात. मग चिप कधी उत्तर देते, कधी देत नाही. पुरवठ्याच्या पिनांना अगदी लागून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि रिसेटपासून ५ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर, एवढे असले की सर्किट पुरे झाले. बाहेरून क्लॉक देणारा क्रिस्टल या टप्प्यावर लागत नाही. एससीकेच्या पिनेवर एलईडी लावला असेल तर प्रोग्रॅमिंगपुरता तो काढावा.

यानंतर पहिलाच अडथळा ठरलेला असतो. कारखान्यातून येणारी कोरी एटीमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, पण त्याला ८ ने भागून, म्हणजे फक्त १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रॅमिंगचे क्लॉक चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी असावे लागते, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी त्याहून वेगाने बोलू लागला की चिप गप्प बसते आणि एव्हीआरड्यूड ‘टार्गेट (म्हणजे जिच्यात प्रोग्रॅम लिहायचा ती चिप) उत्तर देत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. चिप मेली आहे असे समजून लोक ती टाकून देतात. उपाय साधा आहे: प्रोग्रॅमरवर ‘स्लो क्लॉक’चा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, बहुतेक नकलांवर त्याचे नाव जेपी३ असते, तो जोडावा, किंवा एव्हीआरड्यूडला आज्ञा देताना मोठ्या ‘बी’चा पर्याय वापरून वेग कमी करावा. जुन्या फर्मवेअरच्या नकला हा पर्याय मानत नाहीत आणि ‘एससीकेचा कालावधी ठरवता येत नाही, फर्मवेअर अद्ययावत आहे का पाहा’ असा इशारा देतात. पुढे काम नीट होत असेल तर त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

चिप उत्तर देऊ लागली की तिची सही, म्हणजे चिपचा प्रकार सांगणारा ओळख क्रमांक, वाचता येते. एटीमेगा३२८पीची सही हेक्समध्ये १ई, ९५, ०एफ अशी तीन बाइटांची आहे. शेवटी ‘पी’ नसलेल्या एटीमेगा३२८ची १ई, ९५, १४. या दोन चिप दिसायला सारख्या आणि वागायलाही जवळजवळ सारख्या आहेत. पण सॉफ्टवेअरला एक सांगून दुसरी लावली की ते अडून बसते, आणि दुकानदाराने पिशवीत कोणती टाकली आहे ते बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते. सहीच्या जागी सगळी शून्ये किंवा सगळे एफएफ आले तर चिपकडून उत्तर येतच नाही, म्हणजे वायर, पुरवठा किंवा रिसेट पाहावे. दर वेळी वेगळेच आकडे आले तर वेग जास्त आहे किंवा जंपर वायर सैल आहे. केवळ या तीन बाइटांवरून प्रोग्रॅमर, ड्रायव्हर, केबल, पुरवठा आणि चिप एवढे सगळे संशयित एका दमात निर्दोष ठरतात, आणि मी ही जोडी सुचवतो ते मुख्यतः याच कारणासाठी. सही बरोबर आल्यानंतरही एलईडी लुकलुकत नसेल तर दोष तुमच्या कोडमध्ये किंवा एलईडीच्या जोडणीत आहे, हे डोळे मिटून धरून चालावे.

फ्यूज बिटांपाशी मात्र हात आखडता घ्यावा. क्लॉक कुठून घ्यायचा, रिसेटची पिन रिसेट म्हणून वापरायची की साधी पिन म्हणून, असे निर्णय या बिटांत साठवलेले असतात. कोऱ्या चिपचा लो फ्यूज हेक्समध्ये ६२ असतो. तो ई२ केला की भागाकार बंद होऊन चिप ८ मेगाहर्ट्झवर चालते, आणि सुरुवातीच्या बहुतेक प्रयोगांना एवढा एकच बदल पुरतो. चुकून बाहेरील क्लॉकचा पर्याय निवडला तर चिप मुकी होते, पण मरत नाही: पिन ९ वर दुसऱ्या एखाद्या आर्डुइनोतून १ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर दिली की ती पुन्हा बोलते आणि फ्यूज पूर्ववत करता येतो. रिसेटची पिन बंद करणारा बिट लिहिला तर मात्र यूएसबीएएसपीची सद्दी संपते. १२ व्होल्ट लावून करावे लागणारे प्रोग्रॅमिंग हाच मग मार्ग उरतो आणि त्याची साधने नवशिक्याकडे नसतात. फ्यूजची किंमत इंटरनेटवरून उतरवून घेताना ती नेमक्या त्याच चिपची आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

विंडोजवर यूएसबीएएसपीला ड्रायव्हर हाताने द्यावा लागतो. झॅडिग नावाच्या मोफत साधनाने ते काही मिनिटांत होते. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण परवानगीचा एक युडेव्ह नियम लिहावा लागतो, नाहीतर प्रत्येक वेळी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देणे) करत बसावे लागते. अनेक नकलांवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो, त्याबद्दल एक सावधगिरी: तो बऱ्याचदा फक्त चिपला दिला जाणारा पुरवठा बदलतो, सिग्नलच्या तारा ५ व्होल्टवरच राहतात. ३.३ व्होल्टचा रेडिओ मॉड्यूल किंवा एसडी कार्ड त्याच तारांवर जोडलेले असेल तर प्रोग्रॅमिंग करताना ते आधी सोडवावे.

उनो जवळ असेल तर त्यावर आर्डुइनोच्या उदाहरणांतील ‘आर्डुइनो आयएसपी’ हे स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवावे आणि नंतर उनोच्या रिसेट व ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, म्हणजे संगणकाने पोर्ट उघडताना उनो स्वतःच रिसेट होत नाही. पिन १० चिपच्या रिसेटला, ११, १२ आणि १३ अनुक्रमे एमओएसआय, एमआयएसओ, एससीकेला. हे सगळे उनोच्या एटीमेगा३२८पीवर आधारलेल्या जुन्या आवृत्त्यांबद्दल आहे. २०२३ मध्ये आलेल्या आर४ मध्ये चिपच वेगळी आहे. उनोने प्रोग्रॅम लिहिण्याचा वेग कमी असतो, पण शिकण्यासाठी काहीही उणे पडत नाही.

एव्हीआरमध्ये एक फाटा आहे तो खरेदीपूर्वी लक्षात घ्यावा. २०१६ मध्ये पीआयसी बनवणाऱ्या मायक्रोचिपने एव्हीआर बनवणारी अ‍ॅटमेल कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर आलेल्या टायनी व मेगा एव्हीआरच्या नव्या मालिका यूपीडीआय या एकाच तारेवर प्रोग्रॅम होतात. यूएसबीएएसपी त्यांना लागू पडत नाही. सुदैवाने त्यांच्यासाठी साधा यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर आणि एखादा रेझिस्टर किंवा शॉटकी डायोड एवढ्यावर भागते, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅमर घेण्याची गरज क्वचितच पडते.

कॉलेजचा अभ्यासक्रम हा कित्येकांच्या बाबतीत निवडीचा मालक असतो, म्हणून पीआयसी आणि ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलर घराण्याबद्दल बोलणे भाग आहे. पीआयसी असेल तर पिकिट घ्यावा. मात्र बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पिकिट ३ च्या नकला घेण्यापूर्वी तुम्ही मायक्रोचिपच्या एमपीलॅब एक्स या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरणार ते पाहावे, कारण अलीकडच्या आवृत्त्यांनी पिकिट ३ चा आधार काढून घेतला आहे. जुनी आवृत्ती ठेवावी लागेल. मायक्रोचिपचा स्नॅप स्वस्त आणि अस्सल आहे, पण तो टार्गेटला वीज देत नाही आणि उच्च व्होल्टेजही देत नाही, त्यामुळे १६एफ८७७ए सारख्या जुन्या चिपसाठी, जिथे रिसेटच्या पिनेवर सुमारे १३ व्होल्ट देण्याचीच पद्धत रूढ आहे, तो पहिला प्रोग्रॅमर म्हणून बरा नव्हे.

८०५१ मध्ये एका अक्षराने फार फरक पडतो. एटी८९एस५२ सर्किटातच एसपीआयवरून प्रोग्रॅम होते. एटी८९सी५१ ला मात्र सर्किटातून काढून १२ व्होल्टच्या पॅरलल प्रोग्रॅमरवर बसवावी लागते. म्हणून ‘एस’ची चिप घ्यावी आणि जो प्रोग्रॅमर घ्याल तो तिला चालवतो हे दुकानातच लावून पाहावे. कॉलेजात पी८९व्ही५१आरडी२ वापरत असतील तर तिच्यात बूटलोडर आधीच असतो आणि फ्लॅश मॅजिक या सॉफ्टवेअरने सिरियल पोर्टवरून प्रोग्रॅम डंप करता येतो. वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही. अभ्यासक्रमाचे बंधन नसेल तर आज नव्याने ८०५१ कडे वळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

न्यूक्लिओची शिफारस मी व्यवसायाकडे जाणाऱ्यांसाठी केली ती डीबगिंगसाठी. यूएसबीएएसपी प्रोग्रॅम लिहितो आणि बाजूला होतो; त्यानंतर चिपच्या आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी तुमच्या हाती एक एलईडी आणि सिरियल पोर्टवर छापलेले दोन-चार शब्द उरतात. एसडब्ल्यूडीवरून जोडलेला एसटी-लिंक (न्यूक्लिओवरचा प्रोग्रॅमर-डीबगर) प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवतो, त्या क्षणी प्रत्येक व्हेरिएबलची आणि प्रत्येक रजिस्टरची किंमत दाखवतो आणि तेथून एकेक ओळ पुढे सरकू देतो. टायमर चालू का होत नाही हा प्रश्न घेऊन डोके खाजवण्याऐवजी टायमरचे रजिस्टर उघडून त्याला क्लॉकच दिलेले नाही हे समोर दिसते. इंटरप्टचा घोळ, पॉइंटरची चूक, स्टॅक ओसंडणे, या गोष्टी एलईडीच्या भरवशावर शोधायला आठवडे लागतात. माझ्या मते गंभीरपणे शिकणाऱ्याने डीबगर वापरण्याची सवय पहिल्या वर्षातच लावून घ्यावी, पुढे ती लावून घेणे अवघड जाते. एटीमेगा३२८पीमध्येही डीबगवायर नावाची सोय आहे, पण यूएसबीएएसपीला ती वापरता येत नाही, आणि अ‍ॅटमेल-आइस हे त्यासाठीचे साधन नवशिक्याच्या खिशाला जड आहे.

न्यूक्लिओ-६४ बोर्डाचा वरचा तुकडा हाच एसटी-लिंक असतो. सीएन२ वरचे दोन जंपर काढले की तो बाहेरील एसटीएम३२ चिपसाठी वापरता येतो. सीएन४ या सहा पिनांच्या कनेक्टरवर क्रमाने टार्गेटचे व्होल्टेज, क्लॉक, ग्राउंड, डेटा, रिसेट आणि ट्रेस असतात. म्हणजे शिकण्याचा बोर्ड आणि अस्सल प्रोग्रॅमर एकाच किमतीत. अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातील एसटी-लिंक व्ही२ च्या नकला याहून स्वस्त मिळतात आणि बहुतांशी चालतात, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिनांचा क्रम नकलेगणिक बदलतो, त्यामुळे मागच्याच्या आठवणीवर वायर लावू नयेत, खोक्यावर छापलेले वाचावे. आणि अनेक नकलांची रिसेट पिन एसटीएम८ या एसटीच्या दुसऱ्या मालिकेपुरतीच जोडलेली असते, एसटीएम३२ वर तिचा उपयोग होत नाही. एरवी हे खपून जाते. पण तुमच्या कोडने पीए१३ किंवा पीए१४ या एसडब्ल्यूडीच्याच पिना दुसऱ्या कामाला लावल्या की चिपशी पुन्हा बोलण्यासाठी रिसेट दाबून ठेवून जोडणी करावी लागते, आणि तिथे ही नक्कल हात वर करते. तेव्हा बूट० ची पिन वर ओढून चिप तिच्या स्वतःच्या बूटलोडरमध्ये सुरू करावी, म्हणजे तुमचा कोड चालतच नाही आणि दार पुन्हा उघडते.

युनिव्हर्सल प्रोग्रॅमरबद्दल थोडक्यात. टीएल८६६ किंवा त्याचा वारस टी४८ ही साधने उत्तम आहेत, जुन्या ईप्रॉम आणि लॉजिक चिप घेऊन काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याला त्यांच्यावाचून चालत नाही. पण त्यांची मूळ पद्धत चिप सर्किटातून काढून सॉकेटात बसवण्याची आहे. शिकताना तुम्ही एका बसणीत कोड वीस वेळा बदलता. प्रत्येक वेळी चिप उपटायची, बसवायची, परत लावायची, यात पिना वाकतात आणि संयम संपतो. डीबगिंगही नाही. हजारो चिपची यादी खोक्यावर छापलेली असते, तुम्ही पहिल्या वर्षात तीतल्या दोन वापराल. याहून मोठी फसगत सीएच३४१ए च्या लहान काळ्या प्रोग्रॅमरची होते: झिफ सॉकेट (खटका उचलून चिप बसवायचे सॉकेट) पाहून तो मायक्रोकंट्रोलरसाठी आहे असे वाटते, पण तो २४ आणि २५ मालिकेच्या मेमरी चिपसाठी असतो.

नकलांच्या बाबतीत जुना इतिहासही ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटबरोबर आला आणि त्याने कंपनीच्या यूएसबी-सिरियल चिपच्या नकली आवृत्त्यांमधील ओळख क्रमांक शून्य करून टाकला. काल चालणारी अ‍ॅडॉप्टरे आज संगणकाला दिसेनाशी झाली. म्हणून यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर घेताना महागड्या नावाची स्वस्त नक्कल घेण्यापेक्षा सीएच३४० किंवा सीपी२१०२ अशी मुळातच स्वस्त असलेली चिप असलेला घ्यावा.

एक मुद्दा विजेचा, आणि तो आपल्याकडच्या घरांना विशेष लागू आहे. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल, तर चार्जरमधील कपॅसिटरमुळे लॅपटॉपचे ग्राउंड जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर तरंगत असते. करंट अगदी थोडा असतो, धातूच्या कव्हरवर हात फिरवताना जाणवणारी झिणझिण म्हणजे तोच. पण तुमचे सर्किट अर्थिंग असलेल्या दुसऱ्या पुरवठ्यावर असेल आणि प्रोग्रॅमर जोडताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची तार टेकली, तर तो झटका चिपच्या पिनेतून जातो. ग्राउंडची वायर आधी लावावी, शेवटी काढावी, आणि शंका असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. टार्गेटला वीज एकाच ठिकाणाहून द्यावी; बाहेरून पुरवठा असेल तर प्रोग्रॅमरची व्हीसीसीची तार जोडू नये. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, नुसत्या कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणाऱ्या पुरवठ्यावरचे सर्किट, जसे स्वस्त एलईडी दिव्यांत किंवा पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असते, चालू स्थितीत प्रोग्रॅमरला कधीही जोडू नये. तिथे ग्राउंड म्हणजे थेट मेन्सची तार असते. लॅपटॉप तर जातोच, माणसाच्या जिवावरही बेतू शकते.

खरेदीला जाल तेव्हा यूएसबीएएसपीबरोबर दहा पिनांवरून सहा पिनांवर नेणारा छोटा अ‍ॅडॉप्टर, एटीमेगा३२८पी एकाऐवजी दोन, १०० नॅनोफॅरडचे मूठभर कपॅसिटर आणि १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल २२ पिकोफॅरडच्या जोडीसह घ्यावा. क्रिस्टल आत्ता बाजूला ठेवावा. दुसरी चिप ऐषारामासाठी नाही: पहिली उत्तर देईनाशी झाली तर तीच जोडणी तशीच ठेवून दुसरी लावावी, आणि तिची सही बरोबर वाचली गेली तर पहिल्या चिपच्या फ्यूजचा घोळ आहे हे कळते. घरी आल्यावर कोड लिहायच्या आधी फक्त सही वाचावी, फ्यूजच्या तिन्ही किमती वाचून वहीत उतरवून ठेवाव्यात, आणि मगच पहिली हेक्स फाइल चढवावी.